एका कोंबडीचे शेवटचे 48 तास

18 फेब्रुवारी 2006 रोजी भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला आणि नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर देशभरात माहीत झालं. भारतातला पहिला बर्ड फ्लू, एच5एन1. शेडमधली मरतूक वाढत होती तेव्हा आधी संशय गेला तो राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावर. त्यात नवल नाही. मान टाकणं, हगवण, अंडी एकाएकी घटणं हे दोन्ही रोगांत दिसतं.

खालचं वेळापत्रक नवापूरच्या कुठल्या एका शेडचं नव्हे. कोंबडीच्या नाकात विषाणूचे थेंब सोडून प्रयोगशाळांत जे पाहिलं गेलं, त्यावरून ते मांडलं आहे. काही तास इकडेतिकडे होतात, क्रम सहसा तोच राहतो. कोंबडीशेजारी एक बदकही ठेवलं आहे, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळत नाही.

48 तास आधी

विषाणू श्वासनलिकेच्या पेशीला चिकटतो. साध्या फ्लूच्या विषाणूचं टोक कापून सज्ज करणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळतात, त्यामुळे त्याचा वावर तेवढ्यापुरता राहतो. या एच5एन1च्या टोकावर मात्र काही अमिनो आम्लं जादा असतात, आणि त्यामुळे फ्युरिन नावाचं विकर ते कापू शकतं. फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. मेंदू, हृदय, प्लीहा, सगळी दारं उघडी.

47 तास आधी

विषाणूचा आरएनए पेशीत उतरला. इथपर्यंत बदक आणि कोंबडी यांच्यात फरक नाही. फरक पडतो तो इथून पुढे.

बदकाच्या पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन गस्तीवर असतं, गावातल्या जुन्या जागल्यासारखं. पेशीच्या स्वतःच्या आरएनएच्या टोकावर टोपी असते. फ्लूच्या आरएनएचं टोक उघडं असतं आणि त्यावर तीन फॉस्फेट असतात. रिग-आय ते टोक पकडतं आणि इंटरफेरॉन तयार करण्याचा हुकूम सुटतो. मग शेजारच्या पेशीही सावध होतात.

कोंबडीत हे प्रथिनच नाही. बिघडलेलं नाही, झोपलेलं नाही. त्याचा जनुकच तिच्या कुळात कधीतरी गळून गेला. तिच्याकडे एमडीए-5 हा त्याचा भाऊबंद आहे, पण तो दुसऱ्याच खुणा शोधतो, लांब दुपदरी आरएनएच्या. 2010 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने बदकाचं रिग-आय कोंबडीच्या पेशींत घातलं, तेव्हा त्या पेशींत इंटरफेरॉन वाढलं आणि विषाणूची वाढ मंदावली. सगळा दोष या एका जनुकावर टाकणं मला पटत नाही, कारण कोंबडी आणि बदक यांच्यात इतरही फरक आहेत. पण पहिले काही तास कुणाच्या हाती जातात, हे त्यावरून नीट दिसतं.

46 तास आधी

विषाणू पेशीच्या केंद्रकात प्रती काढू लागतो. त्यासाठी त्याला यजमानाचं एएनपी32ए हे प्रथिन लागतं. म्हणजे एकीकडे कोंबडी चोर ओळखत नाही, आणि दुसरीकडे त्याला घरातलीच हत्यारं मिळतात. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या प्रथिनाच्या जनुकात बदल केलेल्या कोंबड्या तयार केल्या. फ्लूच्या नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ टिकल्या. मात्रा खूप वाढवली तेव्हा निम्म्यांना लागण झाली, आणि बदललेला विषाणू त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या प्रथिनांवर काम भागवू लागला.

40 तास आधी

पहिली पिलावळ पेशीतून बाहेर पडते. कोंबडी खाद्य टिपते आहे, पाणी पिते आहे.

24 तास आधी

विषाणू रक्तात पोहोचला आहे आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो आहे. बदकाच्या फुफ्फुसात याच सुमारास, लागणीच्या पहिल्याच दिवशी, रिग-आयची पातळी 200 पटींहून अधिक चढलेली अल्बर्टाच्या गटाला आढळली होती.

शेडमध्ये फिरणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. फार तर थोडं खाद्य उरलेलं दिसेल.

12 तास आधी

तुरा निळसर पडतो. गलोल सुजतात, पायांवर रक्ताचे लाल डाग उमटतात. काही पक्षी यातलं एकही लक्षण न दाखवता सरळ मरतात. डॉक्टरांना फोन जातो तो बहुधा आता.

6 तास आधी

कोंबडीचं शरीर गप्प बसलेलं नाही. तिच्यातही इंटरफेरॉन आणि दाह पेटवणारे रेणू तयार होतात, भरपूर होतात. पण तोवर विषाणू सर्वांगात पसरलेला असतो आणि हा भडका तिच्याच अवयवांना पोळतो. माणसाकडे रिग-आय आहे, तरी फुफ्फुसात खोलवर हा विषाणू उतरला की आपलंही असंच होऊ शकतं. 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये 18 जणांना लागण झाली, त्यातले 6 दगावले. जागल्या असून भागत नाही, हाक वेळेवर आणि बेताची असावी लागते.

0

रक्तवाहिन्या झिरपतात, अवयव बंद पडतात. कोंबडी मरते.

बदक बहुधा पोहत असतं, आणि त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात पडत असतो. बहुधा, कारण तेही दरवेळी वाचत नाही. 2002 मध्ये हाँगकाँगच्या उद्यानांत पाणपक्षी मेले, 2005 मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले. पण जे वाचतं, तेच कोंबड्यांना जास्त महागात पडतं. मेलेला पक्षी विषाणू फार लांब नेत नाही.

शून्यानंतर

एका पक्ष्याचा शून्य तास म्हणजे शेजारच्याचा चाळिसावा असतो आणि त्याच्या पलीकडच्याचा नुकताच सुरू झालेला अठ्ठेचाळिसावा. या दोघी बाहेरून सारख्याच निरोगी दिसतात. पहिला पूर्ण दिवस कोंबडी काही दाखवत नाही, आणि त्यामुळेच नवापुरात आजारी पक्षी वेगळे काढण्याचा पर्याय उरला नव्हता. संरक्षक पोशाखातली पथकं शेडमध्ये शिरली आणि परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक निरोगी असणार. सीमेपलीकडे गुजरातेत उच्छललाही तेच करावं लागलं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत एच5एन1 सापडला.