आईच्या तोंडचं पुस्तक

गावाकडं आई गेली की तिच्यामागं काहीबाही उरतं. नाव घातलेली भांडी, ट्रंकेतलं एखादं लुगडं, भिंतीवरची तसबीर. पंडिता रमाबाईंची आई गेली तेव्हा घरच नव्हतं, तर भिंत कुठली? आमच्या दौंड तालुक्यात केडगावचं मुक्तिसदन सगळ्यांना ठाऊक आहे, रमाबाईही ठाऊक आहेत. त्यांच्या आईचं, लक्ष्मीबाई डोंगरे यांचं, नाव मात्र फार कुणी घेत नाही. ते घ्यायला पाहिजे, कारण या बाईशिवाय रमाबाई घडल्याच नसत्या.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं ते गोदावरीकाठी, यात्रेच्या वाटेवर. नवरी नऊ वर्षांची, नवरा चव्वेचाळीसचा. आज ऐकलं तरी अंगावर काटा येतो. पण हा नवरा, अनंतशास्त्री डोंगरे, जरा वेगळा होता. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवीत. बाईमाणूसही शिकू शकतं, हे तिथं त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या बायकोला शिकवू गेले तर घरच्यांनी हाणून पाडलं. ती वारल्यावर ही छोटी नवरी आली. तिला शिकवायला लागले, तर पुन्हा तीच कटकट. शेवटी शास्त्रीबुवांनी घर सोडलं आणि सह्याद्रीतलं गंगामूळचं रान गाठलं. हे ठिकाण आज कर्नाटकात येतं.

पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. पलीकडं वाघ डरकाळ्या फोडत होता. पोर पासोडी घट्ट लपेटून पडून राहिली आणि नवरा उजाडेपर्यंत राखण करीत बसला. त्याच रानात पुढं झोपडं उभं राहिलं, विद्यार्थी आले. लक्ष्मीबाई रांधायच्या, पोरं सांभाळायच्या, आल्यागेल्याचं बघायच्या आणि त्यातून संस्कृत शिकायच्या. बायकोला शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांना उडुपीला पंडितांपुढं जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचेच दाखले काढून आपली बाजू मांडली.

२३ एप्रिल १८५८ ला रमाबाई तिथंच जन्मल्या. सहा महिन्यांच्या झाल्या न झाल्या तोच सगळं घर यात्रेला निघालं. तान्ही रमा वेताच्या पेटीत, पेटी गड्याच्या डोक्यावर. त्यानंतर या माणसांना घर असं राहिलंच नाही. एक तीर्थ झालं की दुसरं. देवळात नाहीतर घाटावर बसून पुराण वाचायचं, ऐकणारे धान्य, फळं, पैसे ठेवतील त्यावर दिवस काढायचा.

लेक आठ वर्षांची झाली तशी आई तिला शिकवू लागली. आपल्याकडं बायका जात्यावर बसायच्या, त्या भल्या पहाटेच्या वेळेला लक्ष्मीबाई जमिनीवर निजलेल्या पोरीला लाडीगोडी करून उठवायच्या. पाखरं जागी व्हायच्या वेळी धडा सुरू. पोरीपुढं पोथी नसायची. आई म्हणायची तसं म्हणायचं, तेच पाठ करायचं. पंधराव्या वर्षापर्यंत ही शाळा चालली. अठरा हजार श्लोकांचं भागवत असं तोंडातून तोंडात गेलं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. १८७४ साली आधी वडील गेले, पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. भुकेनं तिला वात झाला. रमाबाई शेजारणीच्या दारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना. अठरा हजार श्लोक म्हणणारी ती जीभ! शेजारणीनं तुकडा दिला, पण आईला तो खाण्याइतकीही ताकद उरली नव्हती. तिरडीला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली. मसणवटा तीन मैल लांब होता.

पुढं १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी याच लेकीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. सात वर्षांत आईनं जे कानात घातलं होतं, त्याचीच ती पावती होती. लग्न झालं, वैधव्य आलं, पण आईनं लावलेली चालायची आणि वाचायची सवय सुटली नाही. इंग्लंड झालं, अमेरिका झाली. तिथल्या प्रवासाचं मराठी पुस्तक १८८९ मध्ये निघालं. त्याच्या आधी, १८८७ साली, हिंदू स्त्रीच्या हालांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं. ते त्यांनी आईच्या स्मृतीला वाहिलं. आपल्या आयुष्यात उजेड पडला तो तिच्या शिकवण्यामुळं, असं त्यांनी तिथं म्हटलंय. लक्ष्मीबाईंचं नाव छापील पानावर आलं ते असं, त्या गेल्यावर तेरा वर्षांनी.

१८९६-९७ ला पुन्हा मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंना घरी बसवेना. उपाशी माणूस कसं दिसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी पोरी आणि तरुण विधवा घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. आधी पोटाला घातलं, मग शिकायला बसवलं.