ध्वनिवर्धक : पेटी, खोली आणि श्रोता

उत्तम ध्वनियंत्रणा विकत घेऊनही घरी संगीताचा अपेक्षित आनंद मिळत नाही, अशी तक्रार अनेक रसिक करतात. दोष पुष्कळदा यंत्रात नसून ध्वनिवर्धकाच्या जागेत असतो.

आज प्रचलित असलेल्या ध्वनिवर्धकाची मूळ रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला शंकू ध्वनिलहरी निर्माण करतो. शंकूच्या पुढील व मागील लहरी परस्परविरोधी असतात. त्या एकत्र आल्यास खर्ज क्षीण होतो, म्हणून पेटी आवश्यक ठरते.

खोल खर्जासाठी पूर्वी अवाढव्य पेटी लागे. एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये हवाबंद पेटीचा 'एआर-१' हा ध्वनिवर्धक आणला. पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी काम करीत असल्याने लहान पेटीतूनही खोल खर्ज मिळू लागला. छिद्र असलेल्या पेटीत मागील लहरींचाही उपयोग करून घेतला जातो. तिचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विकसित केले.

पेटी चांगली असली तरी खोलीचा प्रभाव टळत नाही. ध्वनिवर्धक कोपऱ्यात ठेवल्यास भिंतींमुळे खर्ज वाढतो आणि डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर कुरघोडी करतो. मागील भिंतीपासून शंकू एक मीटर दूर असेल, तर परतणाऱ्या लहरीमुळे सुमारे ८६ हर्ट्झचा स्वर दबतो. समोरासमोरच्या भिंतींत चार मीटर अंतर असल्यास सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर भिंतींजवळ घुमतो, तर खोलीच्या मध्यावर क्षीण होतो.

म्हणून दोन ध्वनिवर्धक व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. उच्च स्वरांचा ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. दोन्ही ध्वनिवर्धकांचे बाजूच्या भिंतींपासूनचे अंतर शक्यतो सारखे राखावे. जाड पडदे, गालिचा व पुस्तकांची कपाटे यांमुळे उच्च स्वरांचे परावर्तन सौम्य होते. खर्जावर मात्र त्यांचा परिणाम अल्प असतो. खर्जासाठी जागाच बदलावी लागते. परिचयाचे ध्वनिमुद्रण लावून ध्वनिवर्धक थोडा थोडा सरकवीत ऐकावे. नवे यंत्र घेण्यापूर्वी हा विनाखर्चाचा उपाय अवश्य करून पाहावा.