उशिरा येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

दहा-पंधरा वर्षे माणसांकडून काम करून घेतल्यावर सॉफ्टवेअर अभियांत्रिकीकडे वळू पाहणारा माणूस आधी वयाचा प्रश्न काढतो आणि मग पदवीचा. दोन्ही शंका रास्त आहेत, पण या विद्याशाखेच्या इतिहासाने त्यांना फार भाव दिलेला नाही. ग्रेस हॉपर १९४४ साली हार्वर्डच्या मार्क-१ यंत्रावर रुजू झाल्या तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या. त्याआधी त्या वासर कॉलेजात गणित शिकवत. व्यवहारातल्या माणसांना कळतील अशा शब्दांत यंत्राला आज्ञा देता आल्या पाहिजेत, असा आग्रह त्यांनी पुढे धरला. त्यातून फ्लो-मॅटिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि तिच्या वळणावर कोबोल. अर्थात तेव्हा अनुभवी प्रोग्रॅमर नावाचा प्राणीच नव्हता, सगळेच नवखे होते. आजचे चित्र तसे नाही. त्याकडे पुढे येतोच.

हे क्षेत्र नावारूपाला आले ते व्यवस्थापनाच्या अपयशातून, हे व्यवस्थापकांना कुणी सांगत नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीने परिषद भरवली. प्रकल्प वेळेत संपत नाहीत, खर्च अंदाजाबाहेर जातो, हाती आलेले सॉफ्टवेअर भरवशाचे नसते, या तिथल्या तक्रारी. कुठल्याही कारखान्याच्या आढावा बैठकीत शोभाव्यात अशाच. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ झाले ते या परिषदेमुळे. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. पुढच्या वर्षी तिची धुरा सांभाळायला आलेले फकीरचंद कोहली हे टाटा इलेक्ट्रिकमधले, म्हणजे वीज कंपनीतले अधिकारी.

या शाखेतले एक खूप वाचले गेलेले पुस्तकही एका मॅनेजरचेच आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड कार्यप्रणालीचे काम सांभाळले, ते रखडलेले पाहिले आणि १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे त्यांचे निरीक्षण. कारण साध्या गणिताचे आहे. पाच जणांच्या गटात आपसांत बोलणाऱ्या जोड्या दहा होतात, दहा जणांच्या गटात ४५. शिवाय नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्याचा वेळ जातो तो वेगळाच. हेडऑफिसने ‘चार माणसे देतो, महिनाअखेर संपवा’ म्हटल्यावर ज्याच्या पोटात गोळा आला आहे, त्याला हे पुस्तक समजावून सांगावे लागत नाही.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांचे उदाहरण तर गमतीचे. संस्था आपल्या अंतर्गत संवादाची रचना आपण घडवत असलेल्या प्रणालीत उतरवते, असे मांडणारा त्यांचा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने सिद्धता पुरेशी नाही म्हणून परत पाठवला. १९६८ मध्ये तो संगणकाच्या ‘डेटामेशन’ मासिकात आला, ब्रुक्स यांनी त्याला कॉन्वेचा नियम म्हटले आणि आज तो नवख्या प्रोग्रॅमरलाही ठाऊक असतो. ज्या कंपनीत स्टोअर आणि अकाउंट्सचे पटत नाही, तिथल्या सॉफ्टवेअरमध्येही ती दोन मॉड्यूल एकमेकांशी नीट बोलत नाहीत, हे तुम्ही कोड न वाचताही ओळखाल.

इतके ऐकून हुरळून जाऊ नका. हे शहाणपण उपयोगी पडते ते स्वतःच्या हाताने कोड लिहिता येऊ लागल्यानंतर, आधी नाही. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ असतात: ते चार कोर्स पाहतात, दोन पुस्तके चाळतात आणि लगेच प्रणालीच्या रचनेवर मत देऊ लागतात. मैफली ऐकून कान तयार होतो, पेटीवर बोटे फिरत नाहीत. मॅनेजरची सवय अशी की सूचना थोडी मोघम असली तरी हाताखालचा माणूस ती सावरून घेतो. संगणक सावरून घेत नाही. स्वल्पविराम चुकला तर अडतो आणि तर्क चुकला तर चुकीचे काम बिनबोभाट करत राहतो. संगणकशास्त्रज्ञ पीटर नौर यांनी १९८५ साली याहून खोल मुद्दा मांडला. प्रोग्रॅम म्हणजे मुख्यतः तो रचणाऱ्यांच्या मनातली समज, आणि ती कागदपत्रांतून पुरती हस्तांतरित होत नाही. जाडजूड हँडओव्हर फाइल घेऊनही ज्याचा पहिला महिना अंधारात गेला आहे, त्याला हे पटेल.

कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. लिहून आलेला कोड बरोबर आहे का, हे ठरवायला तो वाचता यावा लागतो, आणि वाचणे लिहिल्याशिवाय येत नाही. माझ्या मते या साधनांमुळे नवख्याची वाट सोपी झालेली नाही, फक्त पहिली पायरी गुळगुळीत झाली आहे.

आता व्यवहाराचे. पगार आणि पद दोन्ही उतरतील, हे घरात आधी बोलून घ्यावे. तुमचा कोड तपासणारी मुलगी तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल आणि ओळीओळीवर शेरे मारेल. तो अप्रेझल नसतो, रोजचे काम असते. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेचा पूर्णवेळ अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे, मात्र प्रवेशाच्या अटी आधी वाचाव्यात. नोकरी सोडण्याची घाई मला पसंत नाही. तुमच्याच खात्यातला एक त्रास निवडा: शिफ्टचे वेळापत्रक, गोदामातल्या साठ्याचा न जुळणारा हिशेब, दर सोमवारी हाताने जोडल्या जाणाऱ्या सात एक्सेल शीट. त्यावर छोटा प्रोग्रॅम लिहा आणि तो दुसऱ्या कुणालातरी वापरायला द्या. वापरणाऱ्याच्या तक्रारी येऊ लागल्या की तुमचा खरा अभ्यास सुरू झाला.

पायथॉन ही भाषा आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट दोन्ही फुकट मिळतात, साधा लॅपटॉप पुरतो, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. पुढचे पान उलटण्याआधी पायथॉन आणि गिट संगणकावर बसवून घ्या.