‘किल’ या आज्ञेचे अर्थांतर

युनिक्स प्रणालीत चालू प्रक्रिया थांबविण्याची आज्ञा ‘किल’ या नावाने रूढ आहे. नावावरून तिचे कार्य केवळ वधाचे असावे, अशी समजूत सहज होते. परंतु १९७३ ते १९७९ या अवघ्या सहा वर्षांत या आज्ञेचा आशय पालटला, नाव मात्र जुनेच राहिले.

युनिक्सपूर्व काळात हा अधिकार सामान्य वापरकर्त्याकडे फारसा नव्हताच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्या पिढीच्या यंत्रांवर छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावयाचा, अशी रीत असे. भरकटलेला कार्यक्रम कधी थांबवावयाचा, हे यंत्रचालक किंवा आधी नेमलेली कालमर्यादा ठरवी. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करण्याची पद्धत आल्यावर हा निर्णय ज्याच्या त्याच्या हाती आला.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत टंकयंत्रावरील कळ दाबून समोरचा कार्यक्रम खंडित करण्याची सोय आढळते. ‘किल’ अवतरते ते तिसऱ्या आवृत्तीत, १९७३ च्या आरंभी. आणि त्याच वर्षाअखेरच्या चौथ्या आवृत्तीत तिला संकेताचा क्रमांक जोडता येऊ लागला. खरे स्थित्यंतर येथेच घडले. क्रमांक देता येऊ लागताच आज्ञेचे स्वरूप प्रहाराचे न राहता निरोपाचे झाले, आणि निरोप ऐकून काय करावयाचे हे पुष्कळ अंशी प्रक्रियेवर सोपविले गेले.

तरीही १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत क्रमांक न लिहिल्यास नऊ क्रमांकाचाच संकेत जाई. हा संकेत प्रक्रियेला अडविता येत नाही की दुर्लक्षिताही येत नाही. लक्ष्य केलेली प्रक्रिया त्याच टंकयंत्रावरून सुरू झालेली असावी, अशी अट त्या पुस्तिकेत आहे. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत ही अट मालकीची झाली आणि मूळ संकेत नऊऐवजी पंधरा ठरला. पंधराचा अर्थ असा की, आवराआवर करा आणि संपा. हाताळणीची तरतूद केलेली प्रक्रिया हा संकेत पकडते, तात्पुरत्या संचिका काढून टाकते, कुलुपे सोडते व मगच थांबते. तरतूद नसेल तर तीही संपतेच. फरक एवढाच की, आवरण्याची संधी तिने घेतलेली नसते.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात गुणनोंदीचा साधा कार्यक्रम संचिका लिहीत असताना त्यास नऊचा संकेत दिला, तर संचिका अर्धीच राहण्याचा संभव असतो. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकास हे निराळे सांगावयास नको. वीज अवचित जाते, तेव्हा कोणताच संकेत मिळत नाही. बॅटरीचा आधार असलेले यंत्र मात्र प्रथम सर्व प्रक्रियांना पंधरा देते, काही क्षण थांबते आणि उरलेल्यांना नऊ देते. चांगल्या विदासंचाची नोंदवही अशा आघातातूनही सावरते, हे खरे. परंतु सर्वच कार्यक्रम तितके सावध लिहिलेले नसतात.

नऊचे सामर्थ्यही अमर्याद नाही. तबकडीच्या उत्तराची वाट पाहत केंद्रकात अडकलेली प्रक्रिया ते उत्तर येईपर्यंत बहुधा नऊलाही दाद देत नाही. आधीच मृत, पण जनकाने नोंद न घेतलेली प्रक्रिया पुन्हा मारता येत नाही, हे तर उघडच आहे. पुढे १९८० च्या सुमारास बर्कलीच्या आवृत्तीत प्रक्रिया न संपविता स्थगित करण्याचे व पुन्हा चालू करण्याचे संकेत आले, आणि ‘किल’ हे नाव अधिकच विसंगत झाले. ज्या आज्ञेने प्रक्रिया पुनश्च चालू होते, तिला वध म्हणावे कसे?

नऊचा आग्रह हा जुन्या पिढीचा वारसा होय, असे समर्थन कधी केले जाते. या प्रदेशापुरते तरी ते कालक्रमाशी जुळत नाही. नांदेडचे श्री गुरुगोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. दोन्ही संस्था सातव्या आवृत्तीनंतरच्या आहेत. शिवाय सहाव्या आवृत्तीच्या वापरकर्त्यास नऊचा आकडा टंकावाच लागत नसे; तो टंकण्याची गरज पडू लागली, ती १९७९ नंतरच.