हात थांबले, मेंदू थांबला नव्हता

आज एका प्रश्नाचा इतिहास बघू. मानेखालचं शरीर लुळं पडलेला माणूस ‘हात हलवावा’ असं मनात आणतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काही घडतं का? की उपसा नसलेल्या विहिरीसारखा मेंदूचा तो भाग गाळानं भरून जातो? ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस, म्हणजे मेंदूतल्या संदेशांवर कम्प्युटर चालवायचं तंत्र. माझ्या मते त्याचा सगळा डोलारा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

सुरुवात जर्मनीतल्या येना शहरात झाली. हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या. या लहरींवर कम्प्युटर चालवता येईल का, हे १९७३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक विदाल यांनी विचारलं; या तंत्राचं नावही त्यांचंच. १९९९ मध्ये जर्मनीतल्याच ट्युबिंगेनच्या नील्स बिरबाउमर यांनी ए.एल.एस. या आजारानं जखडलेल्या दोन रुग्णांना, डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडच्या मदतीनं, एकेक अक्षर निवडून लिहितं केलं. त्यासाठी कित्येक महिने सराव करावा लागला.

अडचण अशी, की कवटीबाहेरून मेंदू ऐकणं म्हणजे लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहण्यासारखं. गलका कळतो, कोण काय बोललं ते नाही.

म्हणून पुढची पायरी आत जायची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा मॅथ्यू नेगल हा तरुण २००१ मध्ये चाकूहल्ल्यात जखमी झाला. मज्जारज्जू तुटला, मानेखाली हालचाल उरली नाही. २००४ मध्ये ‘ब्रेनगेट’ प्रयोगात त्याच्या मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागावर ९६ इलेक्ट्रोडची, जेमतेम ४ मिलिमीटर लांबी-रुंदीची चकती बसवली. त्याला सांगितलं, हात हलवायचा विचार कर. आणि तीन वर्षं हात हलला नसतानाही पेशी बोलू लागल्या! त्यानं कर्सर हलवला, नमुन्याचा ई-मेल उघडला, टीव्ही चालवला, तेही गप्पा मारता मारता. जॉन डोनह्यू, ली हॉचबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे २००६ साली ‘नेचर’मध्ये छापलं.

तीन वर्षांचं ठीक, पण पंधरा? २०१२ साली याच गटानं एका स्त्रीची हकिगत छापली. पक्षाघाताला जवळपास पंधरा वर्षं झालेली. तिनं नुसत्या विचारानं यांत्रिक हात चालवला आणि बाटलीतली कॉफी स्वतः प्यायली. २०२१ मध्ये तर हात लुळा पडलेल्या एका माणसानं मनातल्या मनात अक्षरं गिरवली आणि पडद्यावर मिनिटाला ९० अक्षरं उमटली. बोटांची वळणं मेंदूनं जपून ठेवली होती.

वेग वाढला हे खरंच, पण मला मोठी वाटते ती ही गोष्ट: निश्चल दिसणाऱ्या माणसाची इच्छा निश्चल नसते. खाटेशेजारी उभं राहून ‘त्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांना या इतिहासानं उत्तर दिलंय.

आता उरलेला प्रश्न मेंदूचा नाही, आपला आहे. नेगलची चकती प्रयोगाची मुदत संपल्यावर काढून टाकली गेली. मशीन प्रयोगाचं असतं, पण एकदा पुन्हा लिहिता झालेला माणूस त्यानंतर कशानं लिहिणार? पुढचा इतिहास या उत्तरावर ठरेल.

भेटू पुढच्या भागात.