आया व घरगुती वृद्धशुश्रूषा (साकीनाका परिसर)

परावलंबी वृद्धांच्या घरी पाळीने येऊन किंवा तेथेच राहून त्यांची शारीरिक निगा राखणारा वेतनी कामगारवर्ग. स्त्रियांना आया, मावशी किंवा सिस्टर, तर पुरुषांना वॉर्डबॉय, मामा किंवा ब्रदर म्हणतात.

साकीनाका हा मुंबईतील अंधेरी-कुर्ला रस्ता व साकी विहार रस्ता यांच्या चौकाभोवतीचा भाग. खैरानी रस्ता, काजूपाडा, असल्फा या वस्त्या आणि पवई, चांदिवलीच्या सोसायट्या येथे हाकेच्या अंतरावर आहेत. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाल्यावर अंधेरी व घाटकोपरच्या पाळ्याही आवाक्यात आल्या. २०११ च्या जनगणनेत राज्यातील सुमारे ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. देशात हे प्रमाण ८.६ टक्के होते.

काम : पाळी बहुधा १२ तासांची, ‘चोवीस तासांची बाई’ घरातच राहते. अंग पुसणे, डायपर बदलणे, बेडपॅन देणे, भरवणे, चालवून आणणे ही नित्याची कामे. नाकातून नळी घालणे हे परिचारिकेचे काम, पण नळीवाटे भरवणे बहुतेक घरांत आयाकडेच येते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर व टाचांवर जखमा होतात. चोवीस तासांच्या बाईने मग झोपायचे कधी, हे सहसा ठरवलेले नसते.

कामगार पुरवणारा ब्यूरो घराकडून नोंदणी शुल्क व दर घेतो आणि आपला हिस्सा कापून उरलेली रक्कम कामगाराला देतो. सुट्टी हवी तर ‘बदली’ शोधावी लागते. रुग्ण दगावला की काम त्याच दिवशी संपते.

वेतन : ब्यूरो, पाळी व रुग्णाची अवस्था यांनुसार बदलते.

प्रशिक्षण : जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. पुष्कळ जणी मात्र इस्पितळात किंवा जुन्या आयाबरोबर काम करताना शिकतात.

कायदेशीर स्थिती : या व्यवसायाचा खरा प्रश्न हाच आहे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नोंदणीकृत परिचारिकांसाठी आहे. आया त्यात येत नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ तिला जवळचा, परंतु शुश्रूषेला घरकाम मानावे का, याविषयी एकवाक्यता नाही आणि अनेक जणींना स्वतःला ‘कामवाली’ म्हणवून घेणे आवडत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने खाजगी घरालाही कामाचे ठिकाण मानले, हा त्यातल्या त्यात भक्कम आधार. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात सेवा करणाऱ्याचा विचार नाही. शिवाय त्यानुसार वृद्धांना मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. तेवढ्यात मुंबईत चोवीस तासांची बाई मिळत नाही. ही मर्यादा काढण्याची आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा ते व्यपगत झाले.