विधान-कारण संबंध

तर्कक्षमता तपासणाऱ्या परीक्षांतील एक प्रश्नप्रकार. एक विधान आणि त्यापुढे एक कारण दिलेले असते. दोन्ही खरी आहेत का आणि खरी असल्यास त्या कारणाने विधानाचा उलगडा होतो का, हे ठरवायचे असते. रायपूरची हिंदी माध्यमाची मुले याला ‘अभिकथन-कारण’ म्हणून ओळखतात. खरेखोटेपणा माहितीवर ठरतो. चुका होतात त्या उलगड्यापाशी.

उदाहरण रायपूरचेच घेऊ. विधान : रायपूरच्या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. कारण : विवेकानंदांनी 1893 मध्ये शिकागोची सर्वधर्मपरिषद गाजवली. दोन्ही खरे, आणि ‘कारण’ शब्दाने जोडून वाचले की पटतेही. पण ही कीर्ती देशभरची. तिच्या आधारे भोपाळच्या विमानतळालाही हेच नाव देता आले असते. रायपूरलाच का, हे त्यातून कळत नाही. ते कळते 1877 च्या घटनेतून. विवेकानंदांचे वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला होते. त्या साली कुटुंब इथे आले आणि किशोरवयीन नरेंद्राची, म्हणजे पुढच्या विवेकानंदांची, सुमारे दोन वर्षे या गावात गेली. रायपूरच्या या माना विमानतळाला 2012 मध्ये त्यांचे नाव मिळाले ते या ऋणानुबंधामुळे. अर्थात नुसता मुक्कामही पुरेसा नाही. कीर्ती नसती तर तो कोणाच्या लक्षात राहिला असता?

खरे कारण कोणते, ही छाननी भारतीय न्यायदर्शनात फार बारकाईने झाली आहे. कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि ‘अन्यथासिद्ध’ नसणारे ते कारण, असे अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रह’ या आपल्याच ग्रंथावरील ‘दीपिका’ टीकेत स्पष्ट करतो. माती वाहून आणणारे गाढव घड्याच्या आधी हजर असते खरे, पण त्याच्यावाचूनही घडा होतो. म्हणून ते अन्यथासिद्ध.

उलगडा होतो की नाही, हे विधानातल्या कोणत्या शब्दावर भर आहे त्यावरही ठरते. ‘भिलाईला पोलाद कारखाना उभा राहिला’ या विधानाला 1955 चा सोव्हिएत करार हे कारण दिले, तर कारखाना कसा उभारता आला ते समजते. ‘भिलाईलाच का’ असे विचारले, तर दल्ली-राजहराच्या लोहखनिजाकडे वळावे लागते. हा भर न दाखवता प्रश्न काढला, तर विचार करणाऱ्या विद्यार्थ्याचेच गुण जातात, आणि तो दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे.